सात पत्रांतली एकच एस.टी.

करवंदवाडीत पत्राचा भाव दोन हंडे होता. खुशालीचं साधं पत्र असलं तर दोन हंडे पाणी, आणि वाचताना समोरच्याच्या डोळ्यांत पाणी यावं असं हवं असलं तर तीन. हा भाव चंद्रभागेच्या सासूने, ठमाबाईने, ठरवला होता आणि तिच्याशी घासाघीस करायची कोणाची छाती नव्हती.

वाडी पोलादपूरच्या अलीकडे, मुंबईच्या सडकेच्या वरच्या अंगाला होती आणि पाण्याचा झरा सडकेच्याही खाली. शिमगा जवळ आला की झरा करंगळीएवढ्या धारेवर यायचा. हंडा भरेपर्यंत बाईचं अर्धं आयुष्य सरायचं आणि उरलेलं अर्धं चढ चढण्यात. अशा गावात जी बाई पडवीत बसून, मांडीवर पाट घेऊन, टाकाने चार ओळी लिहून घरचा रांजण भरून घेते, तिला बाकीच्या बायका काय म्हणणार? तोंडावर "वयनी" म्हणायच्या आणि झऱ्यावर "कारकुनीण".

चंद्रभागा महाडला मामाकडे राहून सातवी झाली होती. तिचा नवरा सयाजीही सातवी. दोघांची सातवी आधी जुळली आणि पत्रिका मागाहून बघितली, असं ठमाबाई सांगायची. लग्नानंतर सयाजी मुंबईला गिरणीत लागला. लालबागेत वाडीच्या गड्यांची एक खोली होती. त्या एका खोलीत नऊ जण राहायचे, पाळी असेल तसे आळीपाळीने झोपायचे, आणि त्या नवांत वाचता येणारा सयाजी एकटा. म्हणजे इकडे वाडीतल्या साऱ्या बायका चंद्रभागेच्या हाताने लिहायच्या आणि तिकडे सारे गडी सयाजीच्या तोंडून ऐकायचे.

साळूबाई म्हणायची, "आमी आपल्या मधल्या हमाल गो. बोलताय तुमी दोघंच."

नव्या पैशांची नाणी नुकती आली होती आणि कोणालाच त्यांचा मेळ बसत नव्हता, त्या सालची ही गोष्ट.

लिहून पोट भरणाऱ्याची रोजची रड बाहेरच्याला कळत नाही. चंद्रभागेकडे नुसती पत्रंच यायची असं नाही. लग्न निघालं की उखाणे यायचे. एका नवरीने तिच्याकडून तीन उखाणे बांधून नेले आणि ऐन पंगतीत तिन्ही विसरून नुसतं नवऱ्याचं नाव घेऊन मोकळी झाली. तिची आई दुसऱ्या दिवशी भांडायला हजर. उखाणा चालला नाही, हंडे परत करा. आता रांजणातलं पाणी परत कसं करायचं? विहिरीसाठी मामलेदाराला अर्ज लिहायचा, तोही चंद्रभागेनेच. अर्ज इतका उत्तम उतरला, की कचेरीतला भाऊसाहेब म्हणे, मराठी फार छान आहे. विहीर मात्र झाली नाही.

पोलादपूरच्या बाजाराच्या दिवशी ती एका वाण्याच्या ओट्यावर पाट टाकून बसायची. तिथे परमुलखातली गिऱ्हाइकं. एकदा वरंधकडची एक पोर आली. पत्र सांगून झालं, पत्त्यावर नाव काय घालू म्हणून विचारलं, तर ती पदर चावायला लागली. नवऱ्याचं नाव तोंडाने कसं घ्यायचं?

"देवाचं हाय का?" चंद्रभागेने विचारलं.

"नाय. भावांतलं हाय."

"राम-लक्ष्मणातलं?"

"पाच भाव. त्यातला शेवटला."

"सहदेव."

पोरीने इतकी मोठी मान हलवली, की डोक्यावरचा पदर खाली आला. त्या दिवशी चंद्रभागेला एक पडवळ मिळालं आणि आपण मोठ्या विद्वान आहोत असं संध्याकाळपर्यंत वाटत राहिलं.

तसं वाटणं फार दिवस टिकत नसे. मागच्या दिवाळीआधी तिने धीर करून मुंबईच्या एका मासिकाला गोष्ट पाठवली होती. दोन महिन्यांनी ती परत आली, आणि सोबत एक छापील चिठ्ठी: साभार परत. चंद्रभागा दिवसभर तोंड पाडून बसली. ठमाबाईला वाचता येत नव्हतं, पण हाताने लिहिलेलं कोणतं आणि छापील कोणतं एवढं कळत होतं.

"छापून आलंय ना गो नाव? मंग रडतेस कशाला?"

"आत्याबाई, नाव नाही ते. त्यांनी परत केलं."

"परत केलं म्हनून सांगायला बी छापून पाठवलंन. आपल्या खोताला कवा छापील कागद आला?"

ती चिठ्ठी ठमाबाईने देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकामागे ठेवली. रोज तिला कुंकू लागायचं.

असं सगळं बरं चाललं होतं. मग सोनबा मुंबईला जायला निघाला.

सोनबा हा वाडीतला म्हातारा गडी, मुंबईला मुलीकडे चालला होता. एरवी पत्रं पोलादपूरच्या पोस्टात जायची, कोणाचं सोमवारी, कोणाचं पंधरवड्याने. पण माणूसच चाललाय म्हटल्यावर तिकिटाचा खर्च कोण करणार? शिमगा तीन आठवड्यांवर आला होता. गड्यांना बोलावणं धाडायचं होतं. सोनबा शनिवारी दुपारच्या एस.टी.ने निघणार आणि तो निघायच्या आत सगळ्यांना पत्र हवं.

चंद्रभागेने आपलं पत्र सकाळीच लिहून ठेवलं होतं. सयाजी गेल्या शिमग्याला आला नव्हता, गणपतीत तीन दिवस येऊन गेला होता. या खेपेला तो यायलाच हवा होता. तिने शेतीवाडीचं, सासूच्या गुडघ्याचं, गाईचं असं सगळं लिहिलं आणि शेवटी, खूप वेळ टाक चावून, एक वाक्य लिहिलं:

"सांजेची एस.टी. वळणावर कर्णा वाजवते तेव्हा हातातला घास हातातच राहतो."

वाक्य खरं होतं. मुंबईची एस.टी. दिवेलागणीला वाडीखालच्या वळणावर यायची आणि वळण घेण्याआधी ड्रायव्हर कर्णा वाजवायचा. त्या वेळी चंद्रभागा आणि ठमाबाई जेवायला बसलेल्या असायच्या. त्यातून कोणी उतरलं तर पंधरा मिनिटांत वर येतं, हे दोघींना माहीत होतं. पंधरा मिनिटं झाली की दोघी पुढे जेवायच्या.

दुपारी पहिली आली आवडी. तिचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. नवरा सदू त्याच लालबागेच्या खोलीत होता.

"काय लिहू?" चंद्रभागा म्हणाली.

"लिवा ना काय तरी. तुमाला येतं त्यातलं."

"अगं पण तुला काय सांगायचंय?"

आवडी जमिनीवर अंगठ्याने रेघोट्या काढायला लागली. "वयनी, तुमी तुमच्या ह्यांना काय लिवलंत?"

इथे चंद्रभागेचं चुकलं. लिहिणाऱ्याला कोणी असं विचारलं की त्याला भान राहत नाही. एरवी तिच्या वाक्याला विचारणारं होतं कोण? सासूला ऐकू घालता येत नव्हतं आणि मासिकवाल्यांनी तर साभार परत केलेलं. तिने घडी उलगडली आणि ते वाक्य जरा आवाज लावून वाचून दाखवलं. आवडीचे डोळे भरून आले.

"माज्यात पन घाला."

"अगं, ते माझं आहे."

"मंग मी तीन हंडे घालीन."

चंद्रभागेने घातलं. एका बाईच्या वाक्याने दुसऱ्या बाईचा नवरा येत असेल तर आपलं काय जातं, असं तिने मनाला समजावलं. खरं म्हणजे आवडीचे भरलेले डोळे बघून ती फुगली होती.

तेवढ्यात साळूबाई आली, तुळजाबाई आली, मागोमाग आणखी दोघी. सोनबा खाली पिंपळाखाली ट्रंकेवर बसून विड्या ओढत होता आणि दर थोड्या वेळाने वर बघून "झालं का गो?" म्हणून ओरडत होता. आवडी डोळे पुसत होती ते साळूबाईने पाहिलं.

"हिला काय झालं?"

आवडीने सांगितलं. वाक्य तिला पाठ झालं होतं.

साळूबाई पाटासमोर फतकल मारून बसली. "माज्यात घाल."

"साळूबाय, तुझं तुझं काहीतरी वेगळं लिहिते ना."

"का? तिचं पानी गोडं नि माजं काय खारं? पोरगी काल आली वाडीत, मी बारा वर्सं हंडे घालत्ये तुला."

"लग्न होऊन मला सहा वर्षं झाली."

"तुज्या आधी तुज्या सासूला घालत हुते. बोलू नको, लिव."

त्यानंतर तुळजाबाईने मागितलं, मग उरलेल्या दोघींनी. लग्नाच्या पंगतीत एकीच्या पानात लाडू पडला आणि दुसरीच्या नाही, असं करवंदवाडीत कधी झालं नव्हतं. वाक्यही सगळ्यांना सारखं पडलं पाहिजे. सगळ्यांत शेवटी आली राहीबाई. राहीबाईला लहानपणापासून कमी ऐकू यायचं. कमी म्हणजे तोंडासमोर येऊन ओरडलं तर ओठांवरून काहीतरी समजायचं, इतकं. पडवीत पाच बायका पदराने डोळे टिपताना बघून तिने आवडीच्या पत्राकडे बोट केलं, मग आपल्या डोळ्यांकडे, मग चंद्रभागेच्या टाकाकडे. रडायला येतं ते माझ्यात पण घाल, एवढाच त्याचा अर्थ.

खालून सोनबा ओरडला, "एस.टी. दिसली गो!"

चंद्रभागेने विचार न करता टाक बुडवला. सांजेची एस.टी. वळणावर कर्णा वाजवते तेव्हा. सहा पत्रं आणि तिचं एक, अशी सात पत्रं सोनबाच्या ट्रंकेत गेली. त्या संध्याकाळी ठमाबाईचा रांजण, दोन घागरी आणि गाईची डोणही काठोकाठ भरली. अठरा हंडे. तेवढं पाणी त्या घरात लग्नकार्यालाही कधी आलं नव्हतं.

दहा दिवसांनी पोस्टमन आला. त्याच्याजवळ वाडीसाठी एकच कार्ड होतं. अक्षर सयाजीचं. पण वर लिहिलं होतं, "समस्त करवंदवाडीच्या मंडळींस". म्हणजे पत्र सगळ्यांचं. ठमाबाईच्या खळ्यात बायका जमल्या. राहीबाईला सगळ्यांत पुढे बसवलं, ओठ दिसावेत म्हणून.

चंद्रभागेने कार्ड मनातल्या मनात वाचायला सुरुवात केली आणि तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"वाच ना."

"सर्व मंडळी खुशाल आहेत. सोनबाने पत्रं पोचवली," चंद्रभागा म्हणाली आणि कार्ड उलटं केलं. "बाकी नंतर कळवतो म्हणतात."

ठमाबाई सुपारी कातरत होती. तिने अडकित्ता थांबवला. "चंद्रे, कारड मुंग्या लागल्यासारं काळं झालंय. एवढ्या मुंग्या दोनच वळी बोलल्या?"

चंद्रभागेला वाचावं लागलं. आपल्या नवऱ्याने आपल्याविषयी लिहिलेलं, स्वतःच्या तोंडाने, सगळ्या वाडीसमोर.

सोनबा रविवारी सकाळी पोचला होता. रविवार असल्यामुळे नऊच्या नऊ जण खोलीवर. सयाजी मधोमध बसला आणि पत्रं वाचायला लागला. सदूचं पत्र पहिलं. घास हातात राहिला तिथे सदूने भिंतीकडे तोंड केलं आणि बाकीच्यांनीही डोळे पुसले. दुसरं पत्र तुळजाबाईचं. पुन्हा एस.टी. आली. मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. चौथ्या पत्राला सयाजीने "सांजेची" म्हटलं आणि खोलीने उरलेलं वाक्य आरती म्हणावी तसं एका सुरात पुरं केलं. शेजारच्या खोलीतले लोक काय झालं म्हणून दारात येऊन उभे राहिले.

साळूबाईच्या पत्राला तिचा नवरा गोमाजी उठून उभा राहिला. तो म्हणाला, "माजी बायको घास हातात ठेवील? एस.टी. तिच्या अंगावरनं गेली तरी तोंडातला चावून मंग मरेल. हे पत्र तिचं नाय."

खळ्यात कोणी हसलं नाही. साळूबाई कार्डाकडे अशी बघत होती, की कार्डाला हात-पाय असते तर ते पळून गेलं असतं.

आणि शेवटी राहीबाईचं पत्र. तिचा नवरा हैबती शांतपणे म्हणाला, "सयाजी, माज्या बायकोच्या उशाला तोफ डागली तर ती डास चावला म्हनून कूस बदलंल. तिला वळणावरचा कर्णा ऐकू आला? तिचे कान बरे झाले का गावात नवा ड्रायव्हर आला?"

चंद्रभागेने हे वाचलं तेव्हा राहीबाईने तिच्या ओठांवरून काय ओळखलं कोण जाणे, पण ती खदखदून हसायला लागली. हसणारी ती एकटीच.

पुढे कार्डात होतं: "मंडळींचं मत असं पडलं आहे की ही पत्रं बायकांची नसून एकाच हाताची आहेत. घरून खरं बोलावणं नसेल तर खाडे करून येण्यात अर्थ नाही. तरी शिमग्याला येणं होणार नाही. पालखी या वर्षी म्हाताऱ्यांनी नाचवावी." आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात: "एक पत्र मी खोलीत वाचलं नाही. जिन्यात जाऊन वाचलं. त्यातही तीच एस.टी. निघाली. तेव्हा माझंही येणं धरू नये."

ही शेवटची ओळ चंद्रभागेने वाचली नाही. त्या वेळी ठमाबाईनेही मुंग्या मोजल्या नाहीत.

"एकच लुगडं साऱ्यांना नेसवलंस गो," तुळजाबाई उठता उठता म्हणाली.

"तुम्हीच मागितलंत ना!"

"आमी मागू. आमी अडानी. तुला कळाय नको?"

ते खरंच होतं. शिंप्याकडे दहा गिऱ्हाइकांनी राजाच्या मापाचा अंगरखा मागितला, तर शिंप्याने टेप काढून प्रत्येकाची छाती मोजायची असते.

दुसऱ्या दिवशीपासून हंडे बंद झाले. चंद्रभागा सहा वर्षांनी पहिल्यांदा कळशी घेऊन झऱ्यावर गेली. तिथे पाच बायका होत्या आणि पाचही गप्प. नंबर येईपर्यंत ती दगडावर बसली. एस.टी. वरून गेली, कर्णा वाजला. आवडी पटकन कळशीकडे बघायला लागली. आजवर चंद्रभागेला वाटायचं, आपण नुसते हात आहोत, शब्द बायकांचे. पण सहा वर्षांत या बायका काय बोलल्या ते तिने कधी लिहिलंच नव्हतं. साळूबाई म्हणायची, "मेल्याला सांग, शेळी मेली," आणि ती लिहायची, "आपली शेळी स्वर्गवासी झाली हे कळविण्यास अत्यंत दुःख होते." चढावर कळशीतलं पाणी मानेत शिरलं तेव्हा तिला ते आठवलं आणि एकटीच हसायला आलं. हसताना अर्धी कळशी सांडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी साळूबाई पडवीत आली. हातात हंडा नव्हता. ती पाटासमोर बसली आणि म्हणाली, "कागद घे. मी बोलत्ये तसं लिव. तुज्या पदरचं एक अक्षर घातलंस तर बोटं मोडीन."

"बोल."

"लिव. गोम्या,"

चंद्रभागेचा टाक थांबला. "नाव लिहू? नवऱ्याचं?"

"लिव म्हनते ना. नाव मी तोंडानं तुला सांगितलं, त्याला नाय. गोम्या, तू म्हनलास माजा घास थांबत नाय. नाय थांबत. का थांबावा? दिसभर लाकडं फोडत्ये, तवा भूक लागते. शेळी मेली ती दुसरी बी मरायला टेकली. घराचा वासा वाळवीनं खाल्ला, तो तुज्या बापाला उचलणार नाय नि माज्या एकटीच्यानं बी नाय. शिमग्याला येनार नसलास तर येऊ नको, पन वासा बसवायला ये. नि येताना मला त्या बाटलीतलं डोकं दुकायचं तेल आन, मागल्या वारी आनलंवतंस ते. संपलं."

"अजून काही? 'आपली वाट पाहते' वगैरे?"

"तेल संपलं म्हनून लिवलंस ना? मंग त्यात आलं सगळं."

चंद्रभागेने पुन्हा वाचून दाखवलं. साळूबाईने डोळे मिटून ऐकलं आणि पहिल्यांदाच म्हणाली, "हां. ही मी."

मग एकेक करून सगळ्या आल्या. या वेळी ठमाबाईने नियमच घातला: एका वेळी एकच बाई पडवीत, बाकीच्यांनी जांभळीखाली थांबायचं. आवडी तासभर बसली आणि तिने एवढंच सांगितलं, की सदूने लावलेला आंबा गाईने खाल्ला होता, त्याला पुन्हा दोन पानं फुटली आहेत आणि ती त्याभोवती रोज काटे लावते. राहीबाईच्या पत्राला मात्र नियमाचा उपयोग झाला नाही. स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नसल्यामुळे ती गुपितही शेतावर हाक मारावी तसं सांगायची. हैबतीने गणपतीत तिला काय कबूल केलं होतं ते जांभळीखालच्या बायकांना कळलं, खाली सडकेवर गिट्टी फोडणाऱ्या माणसांनाही कळलं. चंद्रभागेने ते सगळं लिहून काढलं. हसू आवरायला तिला मधेच दोनदा आत जाऊन पाणी प्यावं लागलं. तेही मोजकं, कारण रांजण तळाला होता.

सहा पत्रं झाली. शिमगा आठ दिवसांवर होता. उरलं तिचं स्वतःचं.

चंद्रभागा कागद घेऊन बसली. "शिरसाष्टांग नमस्कार" लिहिलं आणि पुढे काही सुचेना. जे खरं होतं ते तिने वाटून टाकलं होतं. आता तेच पुन्हा लिहिलं तर खोटं वाटणार, आणि दुसरं काही लिहिलं तर खोटंच असणार. दुपार सरत आली. टाकावरची शाई तीनदा वाळली.

ठमाबाई सुपाने तांदूळ पाखडत होती. "काय गो, आज पाट थंड कशानं?"

"सुचत नाही आत्याबाई."

"जगाचं सुचतं नि आपलं नाय." ठमाबाईने सूप खाली ठेवलं, गुडघा धरत पाटासमोर आली आणि साळूबाईसारखीच बसली. "माज्या लेकाला माजं पत्र लिव. मी सांगत्ये."

"तुमचं?"

"का? दोन हंडे भरायला गुडघा नाय माजा. पन रांधून वाढीन. लिव. चिरंजीव सयाजी, तुजी बायको मला नीट सांभाळते. भांडत बी नाय, त्यामुळं मला करमत नाय. पन एक तक्रार हाय. ती भात करपवते."

चंद्रभागेने मान वर केली.

"लिव ना. या म्हैन्यात तीनदा करपवलान. मी बघितलंय कवा करपतो. एस.टी.ची येळ झाली की ही चुलीम्होरनं उठते नि दारात जाऊन उभी ऱ्हाते. मी आतनं ओरडते, अगो भात. तिला ऐकू येत नाय. राहीबाय बरी."

"आत्याबाई, एस.टी. नको. पुन्हा तेच होईल. ते म्हणतील, हिनेच घातली."

"घातली तर घातली. सडक काय तुज्या बापाची हाय, का एस.टी. तू चालवतेस? रोज येते ती येते. मी म्हातारी करपलेला भात खात्ये, माज्या दातांना खोटं बोलायला काय मिळतंय? लिव: तू येत नाय त्याचं मला काय नाय, मी तुजी आई, मला सवय हाय. पन करपलेला भात मी अजून किती खाऊ ते कळव."

चंद्रभागेने लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं, ठमाबाईला ते कळायचं कारण नव्हतं. खाली अंगठा घ्यायचा तर ठमाबाई उठून देव्हाऱ्यातून कुंकवाची कुयरी घेऊन आली. काळ्या शाईपेक्षा हे उठून दिसतं म्हणाली. आणि त्या साभार परतीच्या चिठ्ठीलाही जाता जाता एक बोट लावलं.

होळीच्या आदल्या दिवशी दुपारी, शिमग्याच्या जादा एस.टी.तून सहा गडी उतरले. गोमाजी पहिला, खांद्यावर सागाचं लाकूड आणि खिशात तेलाची बाटली. वर येता येताच त्याने साळूबाईला हाक मारली, "कुठं हाय वासा?" मागोमाग सदू. तो घरात न जाता आधी परसात आंबा बघायला गेला. हैबती उतरला तेव्हा सडकेवरच्या गिट्टीवाल्यांनी त्याच्याकडे बघून असे काही दात काढले, की त्याला वाडीत पोचेपर्यंत कारण समजेना.

सयाजी नव्हता.

"पाळी व्हती त्याची," गोमाजी म्हणाला. "बदली गडी मिळाला तर येतो बोलला. पन काय सांगता येत नाय वयनी. मुकादम लई कडक हाय."

चंद्रभागा बरं म्हणाली. दुपारभर वाडीत सगळ्या घरांतून बोलण्याचे आवाज येत होते. साळूबाईच्या घरातून तर भांडणाचा आणि मध्येच वासा ठोकल्याचा. साळूबाईने न मागता दोन हंडे आणून रांजणात ओतले, मागोमाग बाकीच्या पाचजणींनीही.

दिवेलागणीला सासू-सुना जेवायला बसल्या. भात त्या दिवशीही लागला होता. ठमाबाई खरवड बाजूला काढत होती. चंद्रभागेने भात कालवला, घास उचलला, आणि वळणावर कर्णा वाजला.

घास हातातच राहिला. हात ताटाच्या वर, तोंडाच्या खाली, जिथल्या तिथे. ठमाबाई तिच्याकडे बघत होती. एस.टी. थांबल्याचं ऐकू आलं, पुन्हा सुरू झाल्याचं ऐकू आलं. मग नुसते रातकिडे. पाच मिनिटं. दहा. पंधरा मिनिटं झाली असावीत. चंद्रभागेला त्या घासाचा, त्या वाक्याचा आणि स्वतःचा असा काही राग आला, की तिने तो भलामोठा घास एकदम तोंडात कोंबला.

"आई, दार उघडं ठेवून जेवताय होय?"

दारात सयाजी उभा होता. हातात पत्र्याची पेटी, कपाळाला घाम. सोनबाही त्याच गाडीने परतला होता, त्याची ट्रंक वर आणून देण्यात वेळ गेला होता. त्याने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. चंद्रभागेचे दोन्ही गाल भाताने टम्म फुगले होते. गिळताही येईना आणि बोलताही येईना.

"बघ आई," सयाजी पेटी खाली ठेवत म्हणाला, "पत्रात काय लिहिते आणि इथे काय चाललंय. एस.टी. वाजून गेली, मी डोंगर चढून आलो, आणि हिचा घास कुठे आहे?"

चंद्रभागेने मान जोराजोरात हलवली. त्यासरशी डोळ्यांतून पाणी आलं, ते घासामुळे की कशामुळे ते तिलाही सांगता आलं नसतं.

"हातात व्हता," ठमाबाई म्हणाली. "इतका वेळ हातातच व्हता. मी समोर बसल्ये, मला डोळे हायत. तू वाटेत दुसऱ्याच्या ट्रंका उचलत बसलास, मंग तिनं काय त्याला अंड्यासारकं उबवायचं?"

सयाजी पाय धुवायला म्हणून रांजणाकडे गेला, काठोकाठ भरलेला बघून जरा थांबला, मग आत येऊन ताटावर बसला. ठमाबाईने त्याला वाढलं. त्याने पहिला घास घेतला, हळूहळू चावला आणि बायकोकडे न बघता म्हणाला,

"करपलाय खरा."